विहिरीपासून दारापर्यंत

आमचे भावजी चित्रकला शिकायला औरंगाबादला गेले तेव्हा घरात सगळ्यांची एकच समजूत होती. पोरगा शिकून ड्रॉइंग मास्तर होईल, आणि सुट्टीत आला की आत्याबाईंचं एक हुबेहूब चित्र काढून भिंतीला लावील. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या चित्रासाठी कोणतं लुगडं नेसायचं तेसुद्धा त्यांनी ठरवून ठेवलं होतं. भावजी आले ते दाढी वाढवून आले, आणि चित्र काढलं ते गावभर, जमिनीवर, फक्कीनं. त्यात आत्याबाई नव्हत्या. कुणाचंच तोंड नव्हतं. नुसत्या पांढऱ्या रेघा होत्या.

त्या रेघांचे फोटो पुढं मोठ्या शहरात लागले. ही कला आहे का थोतांड आहे, यावर शिकल्यासवरल्या माणसांनी वाद घातले, लेख छापले. अजूनही कुणी ना कुणी मला विचारतं, तुम्ही तर तिथंच होता, तुम्हाला काय वाटतं? मला काय वाटतं ते मी तेव्हाच तोंडावर सांगितलं होतं. ते कुणी छापलं नाही, म्हणून आता मीच लिहायला बसले आहे.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. आमचं गाव त्याच्या अगदी कडेला. ओढा ओलांडला की मुखेड तालुका, म्हणजे नांदेड जिल्हा. शाळेच्या पाटीवरचं उस्मानाबाद खोडून लातूर लिहिलं, तेव्हापासून लोक म्हणायला लागले, आता आपला कलेक्टर जवळ आला, आता नळ येणार, रस्ता होणार. आला काय, तर दुष्काळ. एक साल पावसानं ओढ दिली, दुसऱ्या साली त्यानं तोंडच दाखवलं नाही. होळीपर्यंत ओढ्यात डबकी उरली आणि त्यात म्हशी बसायला लागल्या. आभाळ दिवसभर पांढरंफटक असायचं. झाडावरचे कावळेसुद्धा चोच उघडी टाकून गप्प बसलेले असायचे. सकाळी उठल्यापासून मला सारखं वाटायचं की काही तरी वाईट येऊन राहिलंय. बोलून दाखवलं की आत्याबाई म्हणायच्या, तुला येडीला कायबी सुचतंय, जा पाणी आण.

पाणी आणायला गावात दोन विहिरी. वरच्या आळीची मोठी, बांधीव, आणि आमच्या बौद्धवाड्याची लहान. आत्याबाई नव्या नवरी असताना आमच्या बायकांनी वरच्या विहिरीच्या काठाला हात लावायचा नव्हता. घागरी मांडून उन्हात उभं राहायचं. कुणा बाईला वाटलं तर ती वरून पाणी ओतायची, नाही वाटलं तर रिकामं परत. धम्म घेतल्यावर आमच्या लोकांनी ते उभं राहणं सोडलं आणि स्वतःची विहीर स्वतः खणली. खडकात, पहारीनं. त्या साली वरची मोठी विहीर आटली, वरच्या आळीला ओढ्याच्या डबक्यांवर जावं लागलं, पण आमची आटली नाही. झरा बारीक होता, एक घागर भरली की थांबावं लागायचं, पण पाणी नितळ आणि गोड होतं.

गावचे पोलीस पाटील पारावर बसून सगळ्यांसमोर म्हणाले होते, "तहानेनं मेलो तरी बेहत्तर, त्या हिरीचं पाणी माझ्या उंबऱ्याच्या आत येणार न्हाई." पारावर बोललेला शब्द माणसाला मागं घेता येत नाही. त्यांच्या घरी बैलगाडीवर पिंप ठेवून ओढ्यातलं पाणी यायचं, म्हशी उठवून भरलेलं.

आणि त्यांचीच सून भर दुपारी आमच्या विहिरीवर यायची. गाव उन्हाच्या धाकानं दारं लावून पडलेलं असे तेव्हा ती बाभळींच्या आडून, कडेवर पोर आणि डोक्यावर घागर घेऊन यायची. पोर दीड-दोन वर्षांची. ओढ्याच्या पाण्यानं तिला हगवण लागायची, डोळे खोल जायचे, मान टाकायची. दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं होतं, पाणी बदला. सांगणाऱ्याचं काय जातंय.

पहिल्या दिवशी तिनं घागर खाली ठेवली, चार पावलं मागं सरली आणि म्हणाली, "वरून वता." मला हसू आलं आणि रागही आला. मी म्हटलं, "आमच्या आत्याबाईला तुमी असंच उभं केलं व्हतं. पण म्या लगीच वतते, तुमच्यावानी वाट बघायला लावत न्हाई." ती लाजली. पुढं पुढं घागर माझ्या हातात द्यायला लागली, मग पोरही माझ्याकडं द्यायला लागली. मला अक्का म्हणायची. मी तिला चिडवायची, "काय धाकल्या पाटलीणबाई, आज सोन्याची घागर न्हाई आणली व्हय?" आम्ही दोघी एकाच वयाच्या होतो. माझी कूस तेव्हा भरली नव्हती, त्यामुळं तिची पोर मांडीवर घेऊन बसायला मला फार आवडायचं. महिनाभरात पोरीनं बाळसं धरलं. माझं नाक ओढायची आणि खदखदून हसायची.

ती पाणी नेऊन चुलीजवळच्या रांजणात ओतायची. सासरा, नवरा, सगळे तेच प्यायचे. पिंपातलं पाणी ती भांड्याला आणि धुण्याला वापरायची. मी एकदा विचारलं, "कळलं तर?"

"माहेरी हाकलतेल," ती म्हणाली. "आन् लेकरू ठिऊन घेतेल."

एवढं ती अगदी साध्या आवाजात बोलली. त्या दिवसापासून ती बाभळीआड दिसेनाशी होईपर्यंत मी विहिरीवरून हलत नसे.

अशात भावजी आले. माझे मालक एसटीत कंडक्टर, ते नांदेडला राहायचे, त्यामुळं घरात भावजी, आत्याबाई आणि मी. भावजींनी दोन-तीन दिवस गावात चकरा मारल्या आणि संध्याकाळी मला म्हणाले, "वहिनी, सरकारच्या नकाशात शेतं असतेत, मालक असतेत. पाणी भरायला बाया रोज जिथून चालतेत ती वाट कोणत्याच नकाशात नसते. मी ती काढणार. ज्या बाईच्या घागरीत ज्या जागंचं पाणी, तिथून तिच्या दारापर्यंत रेघ. सगळं गाव म्हणजे एकच चित्र."

मी म्हटलं, "कशानं काढनार?"

"निळा रंग घ्यावा म्हणतो. पाण्याचा."

"निळी रेघ वरच्या आळीच्या दारात नेऊन टेकवा, मंग बगा तंगड्या कशा हातात देतेत ते. रातभर इचार करा आन् दुसरा रंग घ्या."

मग त्यांनी फक्की घेतली. खेळाचं मैदान आखायला शाळेत पांढरी भुकटी असते तीच. पाणी लागत नाही, म्हणून मलाही बरं वाटलं. पत्र्याच्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडली आणि डबा हलवत हलवत ते चालायला लागले. प्रत्येक घरी जाऊन पुरुषाला नाही, बाईला विचारायचे, मावशी, तुमच्या घागरीतलं पाणी कुठलं? ती सांगेल तिथून रेघ. न पाहिलेली वाट काढायची नाही असा त्यांचा कायदा होता. कायदा कसला, हट्टच.

गावाला आधी हसू आलं. शाळेचे हेडमास्तर म्हणाले, चित्र म्हणजे त्यात काही दिसलं पाहिजे, झाड, मोर, निदान बाई तरी. पारावरच्या एकानं विचारलं, कबड्डी खेळायची का? भावजी प्रत्येकाशी तासतास वाद घालायचे. काही जणांना पटायचंही. एक म्हातारी आपल्या रेघेवरून दोनदा चालून आली आणि म्हणाली, "माय, रोज येवढं चालते व्हय मी?" ते ऐकून भावजी इतके खुश झाले की रात्री जेवले नाहीत. मलाही त्या दिवशी त्यांचं कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण मग गावानं आपला अर्थ लावला. आमच्याकडं रस्त्याच्या कडेला फक्की पडली की समजायचं, मोठा साहेब येणार. दुसऱ्या कशासाठी आमच्या गावात कुणी फक्की टाकल्याचं कुणाला ठाऊक नव्हतं. बातमी पसरली की नव्या जिल्ह्याचा कलेक्टर टंचाई बघायला येऊन राहिला, आणि ज्याच्या दारापर्यंत रेघ त्याच्या दारात नळ. भावजींनी जीव तोडून सांगितलं की असं काही नाही. जितकं नाही म्हणाले तितकं लोकांना खरं वाटलं. सरकारी माणूस कधी कबूल करतो का? ज्यांनी हसून वाटेला लावलं होतं ते घरी बोलवायला आले.

त्याच दिवसांत एका दुपारी भावजी अचानक विहिरीवर आले आणि त्यांनी तिला पाहिलं. ती डोक्यावर घागर घेत होती, पोर माझ्याकडं होती. ती पोर माझ्याकडून ओढून घेऊन लगबगीनं निघून गेली. भावजींच्या डोळ्यांत असा काही उजेड आला की मला त्याची भीतीच वाटली.

"वहिनी," ते म्हणाले, "सगळ्या चित्राचा जीव त्या एका रेघेत हाय."

"आन् त्या बाईचा जीव?"

"खरं हाय ते दिसायला नको?"

"दिसायला पाहिजे तर तुमची वाट काढा. तिची काढायची तर तिला इचारून काढा. तिचं लेकरू तिच्यापासून तोडतेल, ते तुमच्या कोणत्या रेघंत बसतं ते सांगा आदी."

खूप भांडलो. शेवटी आत्याबाई मध्ये पडल्या आणि लेकाला म्हणाल्या, "माझी आन हाय तुला." भावजींनी मान डोलावली. ती रेघ काढली नाही. पण मला काही धीर वाटला नाही.

पोलीस पाटलांना तोवर कळलं होतं की गावात आपल्याच दारापर्यंत रेघ नाही. ते स्वतः आले, दहा-पंधरा माणसं मागं. म्हणाले, वरच्या विहिरीपासून माझ्या दारापर्यंत काढ. भावजी म्हणाले, वरची विहीर कोरडी आहे, तुमच्या घरात पाणी येतं तिथूनच काढीन, आणि ते घरातल्या बाईला विचारावं लागतं. मी हे ऐकलं आणि हातातलं काम टाकून धावत वर गेले. मी पोचेपर्यंत सून दारात उभी होती. डोक्यावरचा पदर डोळ्यांपर्यंत. पोर कमरेला. आणि आमचे शहाणे भावजी सगळ्या गावासमोर तिला विचारत होते, "वहिनी, तुमच्या घागरीतलं पाणी कुठलं?"

आजही सांगते, त्यांना वाटत होतं ती खरं बोलेल. त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पोरीनं मला बघून हात पुढं केले. मी तिथं नसल्यासारखी भिंतीकडं बघत राहिले.

"ओढ्याचं," ती म्हणाली.

भावजींनी डबा घेतला आणि ओढ्यापर्यंत रेघ काढली. गावातली सगळ्यात लांब रेघ ती झाली. पाटील इतके खुश झाले की पारावर सगळ्यांना चहा पाजला. कलेक्टर येईपर्यंत रेघ मोडायला नको म्हणून त्यांनी वरच्या आळीत सावलीसावलीला माणसं बसवली. आणि सुनेला सांगितलं, आता गाडीवर पिंप नको, साहेब कधी येईल सांगता येत नाही, तू रोज घागर घेऊन रेघेवरून जा, वाट वापरातली दिसली पाहिजे.

झालं. बाभळीकडं जाणारी वाट त्या रेघांना तोडून जात होती. भुकटीवर पाय पडला की ठसा, आणि समोर बसलेली रिकामटेकडी माणसं. दुपारी यायचं बंद झालं. मी विहिरीवर घागर भरून ठेवायची आणि बसून राहायची. ऊन डोक्यात शिरायचं. ती आमच्या बाजूला न बघता ओढ्याकडं जाताना दिसायची, पांढऱ्या रेघेवरून, एकेक पाऊल टाकत. एकदा मी कळशी पदराखाली झाकून वर निघाले, तर आळीच्या तोंडाशीच अडवलं, इकडं कुणाकडं? मी म्हटलं, हेडमास्तरांकडं. हेडमास्तरांच्या बायकोला पाणी देऊन परत आले. तिनं ते घेतलं, बरं का, कुणी बघत नाही हे बघून.

मी भावजींना म्हटलं, "पुसा ते सगळं. आत्ताच्या आत्ता."

"वहिनी, माझे सर येणार हायेत बघायला. फोटो काढायचेत. थोडे दिवस कळ काढा."

"लेकरू कळ काढंल का?"

"मी तर ती रेघ काढलीच न्हाई ना, तुम्ही नको म्हणाला ती."

"न्हाई काढली. जी काढली तिच्यावरून ती रोज मरायला चालली."

"तिनंच सांगितलं ओढा म्हणून. मी काय करू?"

मी खराटा घेऊन निघाले. आत्याबाईंनी दारात धरलं. म्हणाल्या, आपल्या वस्तीतल्या बाईनं पाटलाच्या दारातली रेघ पुसली तर कलेक्टरचा नळ तू घालवला म्हणतेल, वस्तीवर येतेल, घरं जाळतेल. त्या खोटं बोलत नव्हत्या. मी खराटा खाली टाकला आणि भिंतीला डोकं टेकून उभी राहिले. इतका राग मला आयुष्यात कधी आला नाही, आणि तो ठेवायला जागा नव्हती.

सर आले. गळ्यात कॅमेरा, शबनम पिशवी. शाळेच्या छपरावर चढून त्यांनी फोटो काढले. ओढ्याकडं गेलेल्या त्या लांब रेघेवर एक बाई घागर घेऊन चाललेली त्यांना मिळाली, त्यावर फार खुश झाले. मी त्यांना चहा दिला नाही.

ते गेल्यावर दोन-तीन दिवसांनी सकाळी वरच्या आळीतून रडणं ऐकू आलं. एकाच बाईचं. मी भांडी घासत होते, हात तसेच राखेत राहिले. कुणी येऊन सांगायची गरज नव्हती. लहान लेकरू म्हणून ओढ्याकाठी पुरलं. नेताना पुरुषांना त्या रेघेवरूनच जावं लागलं, दुसरी सोयीची वाट नव्हती. भावजी आमच्या दारात उभे होते. मी त्यांच्याकडं पाठ फिरवून आत गेले. बोलायला लागले असते तर थांबले नसते.

त्याच दिवशी, ऊन कलायच्या आधी, ती आली. बाभळीआडून नाही. दारातून निघाली ती सरळ, सगळ्या रेघा तुडवत. सावलीला बसलेली माणसं उठून उभी राहिली, पण कुणी तिला अडवलं नाही. डोक्यावर पदर नव्हता. विहिरीवर आली आणि मी दोर सोडायच्या आत तिनं तो माझ्या हातातून घेतला. पोहरा तिनं सोडला, तिनंच ओढला. कधी न शेंदलेले हात, दोरानं सोलून निघाले. मी म्हटलं, "दे मला." ती म्हणाली, "राहू दे अक्का." घागर काठोकाठ भरली, कमरेवर घेतली, जिथं पोर असायची तिथं, आणि परत निघाली. मी तिच्या मागं गेले. माझ्या मागं आमच्या वस्तीतल्या बाया. पाणी हिंदकळून सांडत होतं, तिला त्याचं काही नव्हतं.

भावजी वाटेत उभे होते. लोक त्यांच्याकडं बघायला लागले, हा आता काय काढतो म्हणून. त्यांनी डबा पाठीमागं लपवला.

पाटील ओट्यावर बसले होते, रुमाल न बांधलेलं डोकं हातात धरून. ती पायऱ्या चढली. घागरीतून तांब्या भरला आणि त्यांच्यासमोर धरला. सगळं गाव खाली उभं.

"घ्या मामंजी," ती म्हणाली. "उन्हाळाभर तुमी हेच प्याला. म्या आणत व्हते. लेकरूबी हेच पेत व्हतं, तवर हासत व्हतं."

मला वाटलं आता हात उगारतील, घागर फेकतील, तिला ओट्यावरून ढकलून देतील. आमच्या बाया मागं सरकल्या. मी सरकले नाही. पाटलांनी एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा खाली उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांकडं. मग दोन्ही हातांनी तांब्या घेतला आणि तोंडाला लावला. गटगट आवाज खालपर्यंत ऐकू येत होता. पाणी मिशांवरून, छातीवरून खाली आलं. सगळा तांब्या प्यायले आणि पुन्हा पुढं धरला. तिनं पुन्हा भरला. तोही प्यायले.

पाटलांपुढं मी जन्मात कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी सगळ्यांना ऐकू जाईल असं मी म्हणाले, "पारावर काय म्हनला व्हता तुमी? आता?"